समोरच्या वहिनींचा पेढेघाटी डबा

आमच्या आईने मला लग्नाआधी फारसे सल्ले दिले नाहीत. तिचा सल्ल्यांवर विश्वासच नव्हता, ती पाठीत धपाटा घालून शिकवायची. पण एक गोष्ट ती बोलून दाखवायची आणि तीही मालवणीतून, कारण रागाचं आणि शहाणपणाचं तिचं सगळं बोलणं मालवणीतूनच यायचं. "दुसऱ्याचा भांडा रिकामा धाडू नये गो."

आम्ही तेव्हा लालबागच्या चाळीत राहायचो, वडील गिरणीत होते. शेजारून वाटीत काही आलं की ती वाटी घासूनपुसून ठेवली जायची आणि परत जाताना तिच्यात काहीतरी असायचं. घरात काही केलेलं नसलं तर चिमूटभर साखर, एखादं लिंबू, चार कोकमं. एकदा तर आईने शेजारणीच्याच कुंडीतली कढीपत्त्याची डहाळी तोडली आणि तिच्याच वाटीत घालून तिला पाठवून दिली. शेजारणीने ती ओळखली, हसली आणि आमटीत टाकली. विषय संपला.

हे बघत मी मोठी झाले, लग्न झालं, आणि ऐंशी सालानंतर लवकरच आम्ही मुलुंडला ब्लॉक घेऊन राहायला आलो. ब्लॉक म्हणजे दीड खोली आणि एक बाल्कनी, पण संडास घरात होता, त्यामुळे माहेरच्यांना तो राजवाडा वाटायचा. मला मात्र पहिले काही महिने तिथे करमलं नाही. चाळीत दार नावाची गोष्ट फक्त झोपताना लावायची असते. इथे सगळी दारं दिवसाढवळ्या बंद. जिन्यात कोणाशी नजरानजर झाली तरी लोक किल्ली शोधल्यासारखं करायचे.

आमच्या मजल्यावर दोनच घरं होती. समोरच्या घराचं दार मात्र उघडं असायचं, कारण त्या घरातल्या म्हाताऱ्या आजी दारात पाट टाकून तांदूळ निवडत बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आज काय कालवण केलं म्हणून विचारायच्या. त्यांची सून म्हणजे आमच्या समोरच्या वहिनी. रत्नागिरीकडच्या, माझ्याहून पंधरा-एक वर्षांनी मोठ्या, अंगाने भरलेल्या, आवाजाने त्याहून भरलेल्या. यजमान म्युनिसिपालिटीत होते, दोन मुलगे कॉलेजात. सासूसुनांचं दिवसभर वाजायचं, आणि ते दोन्ही घरांना ऐकू जायचं. पण आजींना भाताबरोबर काय लागतं हे वहिनी कधी विसरल्या नाहीत.

आम्ही राहायला आलो त्या आठवड्यातच वहिनींनी एका डब्यातून घावन आणि नारळाची चटणी आणून दिली. तो डबा स्टीलचा, पेढेघाटी, फुगीर झाकणाचा. बुडाशी टोच्याने वहिनींच्या माहेरचं नाव घातलेलं होतं. लग्नात त्यांच्या वडिलांनी दिलेल्या भांड्यांतला तो शेवटचा उरलेला, बाकीची भांडी मोडीत गेली होती. तिसऱ्या दिवशी मी त्याच डब्यातून वालाचं बिरडं परत केलं. झाकण उघडून वहिनींनी वास घेतला आणि म्हणाल्या, बरं झालं, समोर माणसं राहायला आली.

त्या वाक्यावर मी मुलुंडमध्ये रुळले, असं म्हटलं तरी चालेल. पुढची दोन-अडीच वर्षं तो डबा दोन दारांमध्ये येरझाऱ्या घालत राहिला. त्यांच्याकडून फणसाची भाजी, माझ्याकडून खापरोळ्या. त्यांच्याकडून सुकटाची चटणी, माझ्याकडून सोलकढी. माझी पोरं त्यांच्याकडे टीव्ही बघायला जायची, आजींच्या मांडीवर झोपून यायची. मला भाजी चिरत बोलायला एक माणूस मिळालं होतं. बाईच्या जातीला आणखी काय लागतं, असं तेव्हा वाटायचं आणि आजही वाटतं.

मग यांच्या कंपनीला टाळं लागलं. हे म्हणजे आमचे यजमान, भांडुपच्या बाजूला एका इंजिनिअरिंग कंपनीत फिटर होते. युनियन आणि मालकाचं काहीतरी बिनसलं, आणि एका सकाळी डबा घेऊन गेलेले हे दहा वाजता डबा तसाच घेऊन परत आले. गेटला कुलूप होतं. महिन्याभरात उघडेल म्हणाले. महिना झाला, दोन झाले, आणि मग आम्ही महिने मोजायचं सोडून दिलं.

त्या काळात आम्हाला सल्ले मात्र भरपूर मिळाले. त्यांचा दुष्काळ नव्हता. कोणी म्हणालं गुरुवार धरा, कोणी म्हणालं पापड लाटा, कोणी म्हणालं गावी जाऊन कोंबड्या पाळा. यांच्या एका मित्राने तर वडापावची गाडी कुठे लावायची ती जागासुद्धा हेरून ठेवली होती. तो स्वतः सरकारी नोकरीत होता. मी सगळ्यांना चहा करून दिला. पुढे पुढे चहाही कोरा झाला, तसे सल्लेही आटले.

अडचणीत घर कसं चालवायचं ते मला येत होतं. चाळीतली होते मी, कांद्याच्या पातीवरसुद्धा दोन वेळा काढल्या असत्या. पण वहिनींना ते कळावं, हे मात्र माझ्या जिवावर यायचं. त्यांना कळलेलं होतंच, हा भाग वेगळा. जिन्यात कोणाचा नवरा कितीला उतरतो हे आजींना चोख ठाऊक असायचं.

एप्रिल संपत आला होता. वहिनींच्या गावाहून ओले काजू आले आणि त्यांनी पेढेघाटी डबा भरून उसळ पाठवली. ओल्या काजूंची उसळ ही काही रोजची गोष्ट नव्हे. पोरांनी डबा बोटांनी पुसून खाल्ला, मीही खाल्ली. चांगली झाली होती. मग मी डबा घासला, पुसला आणि मांडणीवर ठेवला, आणि तिथे तो राहिला.

कारण त्यात घालायचं काय? काजूंच्या उसळीच्या बदल्यात काय द्यायचं? साखर घालावी तर ती रेशनची, मोजून वापरायची, आणि शिवाय साखर घातली म्हणजे घरात काही शिजलेलं नाही हे समोरच्या दारावर लिहून येण्यासारखं. आईला कढीपत्त्याची डहाळी चालायची, कारण चाळीत सगळ्यांची एकच गत होती. इथे गत माझ्या एकटीची होती. उद्या काहीतरी करू आणि देऊ, असं मी रोज म्हणायचे. रव्याचे लाडू करू म्हटलं तर तूप नाही, तूप आणलं असतं तर त्या आठवड्याची भाजी नाही. डबा मांडणीवर चकचकत बसला होता. मी स्वयंपाक करायला उभी राहिले की बरोबर माझ्या डोळ्यांसमोर यायचा.

त्यात भर म्हणून वहिनींनी एका वाडग्यातून आमटी पाठवली, मग एका ताटलीत थालीपीठं. आता मांडणीवर त्यांची तीन भांडी झाली. मी वैतागले. खरं तर मला त्यांचा रागच यायला लागला. कशाला पाठवतात? मागितलंय का कोणी? देणाऱ्याला एक मोठेपणा मिळतो आणि घेणाऱ्याच्या मांडणीवर भांडी साठतात, असं मी यांना ऐकवलं. हे म्हणाले, अगं, मग नुसती नेऊन दे ना, भांडीच आहेत. मी म्हटलं, रिकामी? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पेपर तोंडासमोर धरला. हा माणूस नोकरी नसतानाही पेपर मात्र शेवटच्या पानापर्यंत वाचायचा.

मग मी दार लावून घ्यायला लागले. समोरची कडी वाजली की थांबायचं, वहिनी खाली उतरल्याचा आवाज आला की मग आपण निघायचं. पोरांना मी टीव्हीला पाठवणं बंद केलं. कोणी विचारलं तर आई झोपलीय सांगायचं, हेही शिकवून ठेवलं. एक दिवस वहिनींनी खरंच बेल वाजवली. मुलीने दाराच्या फटीतून सांगितलं, आई झोपलीय. नेमकी त्याच वेळी माझ्या कुकरची शिट्टी झाली. त्यांच्या चपलांचा आवाज परत समोर गेला आणि दार लागलं. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांचं दार दिवसा लागलेलं ऐकलं.

त्यानंतर काही आलं नाही. डबा नाही, वाडगं नाही, हाक नाही. आजी दारात बसायच्या, पण कालवण विचारायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. मला हवं होतं तेच झालं होतं आणि मला रडू यायचं. मुलुंडमधलं माझं एकुलतं एक माणूस मी घालवत होते, तेही का, तर माझ्याकडे त्याला द्यायला लाडू नव्हते. हे मला तेव्हाही कळत होतं. पण कळून उपयोग काय, हात मांडणीपर्यंत जायचा आणि परत यायचा.

गणपती होऊन गेले आणि एका सकाळी समोरच्या आजी गेल्या. झोपेतच गेल्या. वहिनींचा आवाज ऐकून मी उठले तीच अनवाणी त्यांच्या घरात शिरले. दार लावणं, कडी ऐकणं, कशाचीच आठवण झाली नाही. वहिनी सासूच्या उशाशी बसून तिच्यावरच ओरडत होत्या, की न सांगता कशी गेलीस. आयुष्यभर दोघींनी एकमेकींना सांगितल्याशिवाय काही केलं नव्हतं.

मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. मंडळी स्मशानातून परत आली, अंघोळी झाल्या की शेजाऱ्यांनी आणलेला पिठलं-भात सगळे खातात. आमच्या बिल्डिंगीत ते काम आपोआप माझ्याकडे आलं, मजल्यावर दुसरं घरच नव्हतं. मी विळी ओढून कांदा चिरायला घेतला आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की यासाठी लागणारं सगळं माझ्या घरात आहे. बेसन आहे, कांदे आहेत, रेशनचे तांदूळ आहेत. मयताच्या घरी कोणी लाडू नेत नाही. पिठलं श्रीमंताच्या घरचं असो की आमच्या घरचं, ते पिठलंच. किती महिन्यांनी मी समोर काही नेणार होते, आणि त्यात कमी पडण्यासारखं काही नव्हतं.

पिठलं झालं. न्यायचं कशात? झाकणाचे माझे डबे डाळी-तांदळांनी अडलेले. मोकळा आणि पुरेसा मोठा असा एकच डबा घरात होता. मी तो खाली काढला, त्यात पिठलं ओतलं आणि पदराने धरून समोर घेऊन गेले. वहिनींनी डबा हातात घेतला, बुडाशी बोट फिरवलं आणि आत नेला. संध्याकाळी त्यांनी तो घासून माझ्या हातात परत दिला. रिकामा. सुतकाच्या घरातून भांडं भरून परत येत नाही, ही तर आपली रीतच.

दुसऱ्या दिवशी मी त्यातून खिचडी नेली, तिसऱ्या दिवशी आमटी. घरात पुढे चूल पेटली तरी भेटायला येणाऱ्यांची वर्दळ होती, म्हणून मी सुतक फिटेपर्यंत काही ना काही नेत राहिले. त्या रोज रिकामा डबा द्यायच्या, मी रोज घ्यायचे. गंमत अशी, की वहिनी स्वतःचाच डबा मला परत करत होत्या आणि दोघींपैकी एकीनेही त्याबद्दल शब्द काढला नव्हता.

दिवस झाले, पाहुणे पांगले. दुपारी मी शेवटचा म्हणून डबा घेऊन गेले तेव्हा वहिनी आजींच्या पाटावर बसल्या होत्या. आजी बसायच्या त्याच जागी, दारात. त्यांनी मला शेजारी बसायला सांगितलं आणि डबा मांडीवर घेतला.

"डबा परत करायला माझ्या सासूने मरायची वाट बघत होतीस काय गं?"

त्या हसत नव्हत्या, पण चिडलेल्याही नव्हत्या. मी कसंबसं सांगितलं की द्यायला काही नव्हतं, आणि रिकामा डबा कसा देणार होते मी.

"गेले इतके दिवस मी तुला काय देतेय? रिकामाच ना? तुला वाटलं काही?"

मी म्हटलं, सुतकात काय वाटायचंय वहिनी.

"तुझ्या घरात पण तेच चाललं होतं की. माणूस नव्हतं गेलं, नोकरी गेली होती. एवढं समजून घे आता. रिकामा डबा घेऊन दारात आलेलं माणूस मला चालतं. डबा घरात ठेवून दार लावलेलं नाय चालत."

आणि मग त्या रडल्या. सासूसाठी इतके दिवस ओरडल्या होत्या, भांडल्या होत्या, लोकांना चहा दिला होता, पण रडल्या त्या दिवशी. मीही रडले. कोण कशासाठी रडत होतं ते सांगता येणार नाही. जिन्यातून वर येणारा पोस्टमन आमच्याकडे बघून तसाच खाली गेला.

त्या संध्याकाळी मी त्यांचं वाडगं आणि ताटली नेऊन दिली. घासलेली, पुसलेली, रिकामी. देताना आईचा धपाटा पाठीत बसेल असं वाटलं हे खरं. वहिनींनी भांडी घेतली, आत ठेवली आणि विचारलं, आज काय कालवण? आजींचा प्रश्न आता त्यांनी आपल्याकडे घेतला होता.

यांची कंपनी उघडली नाही. पुढे एका छोट्या वर्कशॉपमध्ये यांना काम मिळालं, पगार कमी, पण वेळच्या वेळी. आमचं गाडं हळूहळू रस्त्याला लागलं आणि डब्याची येरझार पुन्हा सुरू झाली. कधी भरलेला जायचा, कधी रिकामा, आणि कोणी झाकण उघडून बघत नसे. आईला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तिने हातातली वाटी पुसून ठेवली. मग म्हणाली, तुझी शेजारीण शहाणी आहे. आईने दुसऱ्या बाईला शहाणी म्हटलेलं मी ते एकदाच ऐकलं.

लोक मला अधूनमधून विचारतात, तुम्हाला आयुष्यात उपयोगी पडलेला सल्ला कोणता. मी हा सांगते. कधी कधी समोरचं माणूस म्हणतं, एवढंच? मी म्हणते, एवढंच, पण करून बघ. देणं सोपं आहे, त्यात आपण उभे असतो. हात रिकामा असताना दुसऱ्याची कडी वाजवायला जी छाती लागते ती भल्याभल्यांकडे नसते.

ती छाती सल्ला देणाऱ्याकडेही असतेच असं नाही, हे मी त्याच दशकाच्या शेवटाला बघितलं. वहिनींच्या यजमानांना अर्धांगवायू झाला. थोरल्या मुलाचं लग्न होऊन तो डोंबिवलीला वेगळा राहिला होता, धाकट्याला अजून नोकरी नव्हती. दवाखाना, मालिश, औषधं. मी एकदा माझ्या कल्हईच्या पातेलीतून नाचणीची आंबील पाठवली. पातेली परत आली नाही. मग समोरचं दार दिवसा लागायला लागलं. मी बाहेर पडले की त्यांची कडी वाजता वाजता थांबायची.

मला सगळं ओळखीचं होतं. कडीचा आवाज, चपलांचा आवाज, दार लागायची वेळ. मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. पातेली मागायला गेले असते तर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं, आणि आणखी काही भरून नेलं असतं तर मांडणीवर दुसरं भांडं वाढलं असतं. त्यांचाच सल्ला त्यांना कोण देणार? मी एवढंच केलं, की माझं दार उघडं ठेवलं. दिवसभर, आजी ठेवायच्या तसं. मी दारात बसून भाजी चिरायचे, तांदूळ निवडायचे. निवडलेले परत निवडायचे. हे म्हणाले, आपल्या तांदळात इतके खडे कधीपासून यायला लागले?

बरेच दिवस गेले. वहिनी येणार नाहीत असं मी जवळजवळ धरून चालले होते. एका दुपारी समोरची कडी निघाली आणि त्या बाहेर आल्या. पुष्कळ वाळल्या होत्या. हातात माझी पातेली होती आणि तिच्यावर पदर झाकलेला होता. भरलेलं भांडं दृष्ट लागू नये म्हणून आपण झाकून नेतो तसा. आम्हा दोघींमध्ये चार पावलांचं अंतर असेल, पण त्यांना यायला खूप वेळ लागला.

त्यांनी पातेली माझ्यापुढे धरली. मी पदर बाजूला करून ती हातात घेतली. आत काही नव्हतं, नुसती लखलखीत कल्हई.

"रिकामीच आणलीय गं," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

मी पातेली खाली ठेवली, तांदळाचं सूप बाजूला सारलं आणि त्यांना बसायला माझा पाट दिला.